डोंगा कशानं हालला

तेव्हा मी कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होतो, म्हणजे दर उन्हाळ्यात नव्यानं बेरोजगार होत होतो. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तरी आमच्या प्राचार्यांची भाषणं काही निम्मी झाली नव्हती. कायम कोणाला करायचं ते त्यांच्या हातात होतं, त्यामुळे मी ती पहिल्या रांगेत बसून मान डोलावत ऐकत असे.

विज्ञान दिनाला त्यांना काहीतरी अंतराळातलं हवं होतं. मी गुरुत्वलहरी सुचवल्या. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं. ती थरथर पकडायला तीन यानं लाखो किलोमीटर अंतरावर ठेवायची आणि लेझरनं त्यांच्यातलं अंतर मोजत राहायचं. प्राचार्यांना यातलं 'लाखो' आवडलं.

गावाच्या तलावात तीन डोंगे, म्हणजे मासेमारीच्या छोट्या होड्या, त्रिकोणात उभे केले. प्रत्येकात एक विद्यार्थी, हातात मोहाडीच्या बाजारातला खेळण्यातला लेझर. भर दुपारी त्याचा लाल ठिपका कोणालाच दिसला नाही. प्राचार्यांना मात्र स्पष्ट दिसला, आणि त्यांना दिसल्यावर मग सगळ्यांनाच दिसू लागला. टाळ्या झाल्या.

ज्याचे डोंगे आम्ही मागून आणले होते, तो म्हातारा मासेमार तेवढ्यात उठला.

"सर, डोंगा तं वाऱ्यानंबी हालते. मंग तो तुमच्या लहरीनं हालला का वाऱ्यानं, हे कसं समजन?"

मला उत्तर येत नव्हतं. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. मी हसून म्हणालो, "बाबा, हे विज्ञान आहे, मासे धरणं नाही. बसा." पोरं खदाखदा हसली. म्हातारा बसला. पुढच्या सत्रात मी कायम झालो.

उत्तर कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं. प्रत्येक यानाच्या पोटात धातूचे दोन ठोकळे मोकळे तरंगत ठेवतात. सूर्यप्रकाशाच्या रेट्यानं यान सरकलं तर ते स्वतःला सावरतं, ठोकळ्यांना धक्का लागू देत नाही. आणि मोजायचं ते एका यानातल्या ठोकळ्यापासून दुसऱ्या यानातल्या ठोकळ्यापर्यंतचं अंतर. म्हणजे जगभरचे शहाणे इतकी वर्षं डोकं खाजवत होते ते त्या म्हाताऱ्याच्याच प्रश्नावर. मला लाज वाटली.

तलावावर गेलो. तो काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे माहा प्रश्न बराबर होता?"

"हो."

"मंग मले बसाले काहून सांगतलं?"

"नोकरी कच्ची होती, बाबा."

"आन पक्की झाल्यावर काहून नाही आले?"

मी पुन्हा तसंच हसून पाहिलं. या वेळी हसायला पोरं नव्हती.