घरी कोणाला कळवू?

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. उपनिरीक्षक म्हणून मी थोडीच वर्षं काम केलं आणि नोकरी स्वतःहून सोडली. तरी एवढं लिहून ठेवावंसं वाटतं.

सीमेवर लढाई पेटली होती. खाडीकाठच्या गावांना सूचना होती, अनोळखी माणूस दिसला की कळवा. दिवाळे गावातून एका मासळीवाल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, बोटीवर नवा खलाशी हाय. नाव इचारला तं सांगत नाय, गाव सांगत नाय. हाक मारली का दचकतो."

आम्ही त्याला ताब्यात घेतलं. वय चाळिशीचं, ओळखपत्र नाही. पिशवीत मण्यांनी विणलेली किल्लीची साखळी निघाली, तिच्यावर उर्दू अक्षरं. ठाण्यात आणताच कोणी न सांगता तो भिंतीशी उकिडवा बसला आणि हात डोक्यावर घेतले.

"बघा, ट्रेनिंग झालेलं आहे याचं," आमचे वरिष्ठ निरीक्षक म्हणाले.

बरंच दरडावूनही तो बोलेना. मी त्याला वकिलाबद्दल सांगू लागले, तसे साहेब हसले. "मॅडम, कॉन्व्हेंटची शिकवण घरी ठेवा. लढाई चाललीय. शत्रूच्या माणसाला कसला वकील?"

ते अगदीच चूक नव्हते. शत्रुदेशाच्या नागरिकाला राज्यघटनेतलं ते संरक्षण मिळत नाही. पण हा तिकडचा आहे, हे ठरलं कुठे होतं? केंद्रीय पथक त्याला न्यायला निघालं होतं. एकदा नेलं की तो कुठे गेला हे त्याच्या घरी कळलंही नसतं.

मला वाद घालता येत नाही. एवढंच म्हटलं, "सर, युद्धात पकडलेल्या सैनिकालाही घरी पत्र पाठवता येतं. याच्या घरी एक फोन करते."

"पथक येईपर्यंत काय करायचं ते करा."

मी त्याच्यासमोर बसले. "तुम्हाला इथे आणलंय, हे घरी कोणाला कळवू?"

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. मग हळूच बायकोचा नंबर सांगितला.

मी स्पीकरवर फोन लावला. पोलिसांनी पकडलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "परत धरला? या टायमाला कंच्या देशानं?"

"आपल्याच," मी म्हटलं. साहेब खुर्चीत सरळ बसले.

मग दोघांकडून कळलं ते असं: तो पालघरकडचा. पूर्वी त्याची बोट सागरी हद्दीपलीकडे गेली आणि शेजारदेशाने सगळ्यांना तुरुंगात टाकलं. तसं बसायची सवय तिथली, मण्यांचं कामही तिथलंच. सुटून आल्यावर गावातले 'तिकडचा' म्हणून हिणवायचे, बोटीवर घेईनात, म्हणून तो इकडे कामाला आला. लढाईच्या दिवसांत हे सांगायची त्याला भीती वाटली. तो तिकडच्या तुरुंगातून सुटून आल्याची खात्री त्याच्या गावच्या ठाण्याने दिली. पथक रिकाम्या हाताने परतलं. साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

जाताना तो दारात थांबला. "तिकडं ह्ये कुनी इचारलं नवतं, मॅडम."

"काय?"

"घरी कुनाला कलवू, त्ये."

कैद्याचा हक्क तपासाच्या आड येतो असं ठाण्यात बरेच जण मानतात. इथे तपास त्या हक्कानेच पुढे सरकला. तो खरोखर शत्रूचा माणूस निघाला असता तर, असं मला अजून विचारतात. तरीही मी तोच प्रश्न विचारला असता. तो कोण आहे, हे त्याच्या उत्तरानंतरच तर कळणार होतं.