बाबांचा अंगठा

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमधली जागा संपली, म्हणून आई फोटो कमी करायला बसली. तांदूळ निवडावेत तशी ती एकेक फोटो उघडून, नीट बघून मगच पुसत होती. माऊस माझ्या हातात असता तर मी शंभर फोटो एका दमात उडवले असते. टाकायच्या गोष्टीकडेही इतकं निरखून बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एका सहलीच्या फोटोत अर्ध्या दरीवर बाबांचा अंगठा आला होता. शेजारी बसलेले बाबा ओशाळून म्हणाले, “हा आधी पुसून टाक.”

“राहू दे,” आई म्हणाली. “प्रत्येक सहलीत कॅमेरा तुमच्याच हातात. तुम्ही दिसता असा हा एकच आहे.”

इतकी वर्षं मी तो फोटो बिघडलेला समजत होते.