भावाच्या वाट्याची माती
अब्बा मंगळवारी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात वारले. धाकटा भाऊ अमेरिकेत होता. तिथल्या ट्वेंटी-ट्वेंटी लीगमध्ये तो पगारावर खेळतो. मी फोन केला, तर म्हणाला, “मयत दवाखान्यातच ठेवा. परवा फायनल झाली की निघतो.”

आमच्यात मयत ठेवत नाहीत. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. “आरं, मयत म्हंजे मॅच हाय व्हय, पुढं ढकलायला?”

दुपारच्या नमाजानंतर आमच्या गावी, रहिमतपुरात दफन झालं. मी तीन मुठी माती दिली; मग त्याच्या वाट्याच्या तीन दिल्या.

फायनलला त्यानं दंडावर काळी फीत बांधली. गावानं ती मोबाइलवर पाहिली आणि त्याचं कौतुक मलाच येऊन सांगितलं.

आता घरात अम्मी आणि मी आहोत. त्याचा फोन ती घेते. मी घेत नाही.