मोंबासाला गेलेली सुकेळी

मी मॅट्रिक झालो तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि मला आमच्या वाडीतून सुटका हवी होती. माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. "पास झालास की साहेबाशी बोलून तुझा परवाना पाठवतो," असं त्यांनी मागेच लिहिलं होतं. त्या एका ओळीवर मी दोन वर्षं काढली होती.

लोक वसईच्या वाड्यांचं कौतुक करतात. करोत बापडे. त्यांनी आमचा रहाट हाकलेला नाही. वडील गेल्यापासून ते काम माझ्या गळ्यात होतं. सकाळी रेड्याच्या डोळ्यांवर झापडं बांधायची, त्याला जुंपायचं आणि पाटाचं पाणी शेवटच्या केळीला पोचेपर्यंत त्याच्यामागून गोल गोल फिरायचं. उद्या पुन्हा तेच. गावातलं बोलणंही तेच ते, कुणाच्या पानवेलीला कीड लागली आणि कुणाची मुलगी कुठे दिली. माझा जीव विटला होता.

माणिकपूरच्या शिंप्याकडून मी दोन पँटी शिवून घेतल्या. बोलताना 'आपलं गाव' सोडून 'तुमचं गाव' म्हणायला लागलो. शेजारचे काका हसून म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मला त्याचं काही वाटलं नाही. हे सगळे इथेच कुजणार, असं मी मनात म्हणालो.

परवाना काही येईना. तेव्हा अक्कल चालवली ती मीच. मामांना सुकेळी फार आवडायची. मी आईला म्हटलं, "पाठवू या का थोडी? खाताना तरी माझी आठवण होईल."

एरवी माझ्या जाण्याचा विषय निघाला की आई गप्प व्हायची. या वेळी ती लगेच हो म्हणाली. पिकलेली राजेळी केळी सोलून तिनं आठ दिवस मांडवावर उन्हात वाळवली, आणि कावळे हाकलायला मी बसलो. मग केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून तिनं पुडकं घट्ट बांधलं. ओळखीचा एक माणूस बोटीवर कामाला होता. मुंबईला जाऊन त्याच्या हातात ते मी स्वतः दिलं, वर ओलं होऊ देऊ नका म्हणून बजावलं.

तीन महिन्यांनी मामांचं चार ओळींचं पत्र आलं. साहेब बदलला आहे, नवा साहेब ऐकत नाही, तू तिथेच काहीतरी बघ.

पुढची सात वर्षं मी त्या साहेबाला शिव्या घातल्या. रहाटामागे चालता चालता त्याचा चेहराही ठरवून टाकला होता, घारे डोळे आणि तांबडी मान.

मग मामा रजेवर आले. जेवताना आईनं त्यांच्या पानात सुकेळी वाढली, तसे ते हसत सुटले. "ताई, त्या साली पुडक्यात चिठ्ठी घातली होतीस, आठवते? 'पोराला बोलवू नको, तुला माझी शपथ.' याचा परवाना माझ्या टेबलावर तयार पडला होता. मग काय, नवा साहेब पैदा करावा लागला."

आईला लिहिता येत नव्हतं. चिठ्ठी माझ्या धाकट्या बहिणीनं लिहिली होती, आणि तिला अक्षरं मीच शिकवली होती.

"आई, खरं हे?" मी विचारलं.

ती भात वाढत होती. हात थांबला नाही. "खरं हाय. तू गेला असता तं परत आला असता का? मंग वाडीला पानी कोन देनार व्हता?"

मी परत आलो नसतो, आणि हे तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. आजही झालेला नाही. तोंडावर अडवलं असतं, रडली असती, तर मी भांडलो असतो आणि भांडून गेलो असतो किंवा राहिलो असतो. तिनं मला भांडूही दिलं नाही.

माझ्या वाटची सुकेळी तिनं नेहमीसारखी बाजूला काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, झापडं बांधण्याआधी, मी ती रेड्याला घातली.