वरच्या आईची लुगडी

वहिनी गेल्याची तार पुण्याला आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. कुंभकोणम् गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, ओसरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "आलीस..."

फार पूर्वी वहिनीची दोन्ही लेकरं बारसं व्हायच्या आत गेली. म्हाताऱ्यांनी निदान केलं, कुलदेवी रुसली. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक. कैक पिढ्यांमागे पूर्वज तिकडे गेले ते तिथलेच झाले. घरात लग्न झालं की एक लुगडं 'वरच्या आईचं' म्हणून बाजूला ठेवायचं. कुणी वर, म्हणजे उत्तरेला, गेलं की देवीला नेसवायचं. तोवर गेलं कुणीच नव्हतं. पेटी मात्र भरत गेली.

अण्णा बसच्या कारखान्यात फिटर. पेटी देवीला पोचवायचं ठरलं तशी त्यानं मोडीत निघालेली एक बस घेतली, आत झोपायला बाकं, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप बसवलं. वहिनी सोवळ्यातलं, स्वतःच्या हातचंच खायची, तेव्हा स्वयंपाकघरच चाकांवर न्यावं लागलं. पापनाशम्‌पर्यंत फेरी मारून पाहिली आणि आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा बिनलग्नाची आणि तोंडाळ.

सत्यमंगलमच्या जंगलात इंजिन तापलं की वहिनी तेवढ्यात रसम उकळून घ्यायची. हत्तींची भीती मला. तिला कसलीच नाही. म्हैसूर ओलांडल्यावर मी सहज विचारलं, "अण्णा, देवीचं गाव कोठलं?" त्यानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं त्याच्याकडे. दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असेल, असं घरात प्रत्येकाला वाटत आलं होतं! आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच: डोंगर, वड, आणि देवीचं तोंड उत्तरेला.

हसावं की रडावं कळेना. तरी पुढे गेलो. घाटातली रानं, लहान लहान गावं, दिसेल त्या देवळापुढे बस थांबवून विचारायचं. आमची जुनी मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावत. एका रानातल्या देवळात गुरव म्हणाला, "हीच असंल तुमची. नेसवा."

अण्णा पार थकला होता. "नेसव गे. देवी ती देवी."

देवीचं तोंड पूर्वेला होतं. वहिनी म्हणाली, "दुसऱ्याच्या आईस नेसवून आमच्या आईस काय सांगूं?" मग तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं, आपटलंच म्हणा. "तूं तरी सांग गे माये, ती कोठें आहे?" तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही, आणि देव करो, ऐकायला न लागो. पेटी घेऊन परतलो. पाळणा कधीच हलला नाही.

वहिनीच्या तेराव्यानंतर मी अण्णाला विचारलं, शेवटी तिला काय नेसवलंत?

"वरच्या आईचं."

देवीचं राखलेलं, माणसाला? अण्णा शांतपणे म्हणाला, "एक नेसवलं. उरलेलीं तिच्यासंगें चितेवर ठेविलीं. आम्हांस गाव गवसलं नाहीं... आतां तीच नेऊन देईल."