दहा मीटर मखमल

शेजारच्या दामूभाऊचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. सौंसरच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला यावर औषध नाही.

मोहगावात पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्यांत दरवर्षी पहिला नंबर दामूभाऊचा. त्याच्या बैलांच्या पाठीवर आरशांच्या झुली! माझ्या बैलांच्या पाठीवर जुनी चादर. (बैल चांगले आहेत, मालक कंजूष.) यंदा मात्र मी ठरवलं, झुली शिवायच्या त्या मखमलीच्या, आणि दामूभाऊनं तोंडात बोट घालावं अशा!

बायकोची शिलाईची टेप घेऊन गोठ्यात शिरलो. एका बैलाला कापड लागणार साठ इंच, म्हणजे दोघांना एकशे वीस. पण दुकानात कापड मिळतं मीटरवर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस मी, मला कागद-पेन्सिल कशाला? एकशे वीस भागिले बारा, दहा मीटर!

सौंसरचा दुकानदार मीटरपट्टी हातात धरून थांबला.

"गुरुजी, मांडव टाकून राहिले का?"

"बैलाइच्या झुली हायेत. दोन."

"दोनले दहा मीटर? फिरून मोजा ना एकडाव."

"दामूनं शिकवून ठेवलं का तुले? मले गणित नको सांगू. काप!"

त्यानं कापलं. घरी बायकोनं कापड उलगडलं, तर ते ओसरीतून अंगणात उतरलं आणि दामूभाऊच्या फाटकाला जाऊन टेकलं.

"अजी, बारानं भागलं का तुमी?"

"मंग?"

"बारानं फूट निघते! मीटरमंदी इंच एकोणचाळीस. तीन मीटर अन् वर तीन बोटं, एवढंच लागत होतं!"

बायको सातवी शिकलेली आहे. (माझ्या हाताखाली नाही, म्हणून पक्की शिकली.)

कापलेलं कापड दुकानदार परत घेईना. उरलेल्या सात मीटरांत बायकोनं उशा शिवल्या, मशीनला झाकण केलं, तरी मखमल संपेना! मग तिनं माझा कुर्ता बेतला.

"मी नाही घालत."

"मंग झुलीबी नाही शिवत. टाका बैलाइले चादर."

दामूभाऊसमोर पुन्हा चादर? घातला कुर्ता!

पोळ्यात तोरणाखाली आमची जांभळी मखमल अशी चमकली, की सारं गाव आमच्याकडेच बघू लागलं. माझी छाती फुगली. तेवढ्यात पंच जवळ आले.

"गुरुजी, जोडीत दोनच बैल चालते. तिसरा काऊन आणला?"

पहिला नंबर दामूभाऊलाच मिळाला. मी जळून कोळसा झालो.

पोळा फुटला की बैल घरोघरी पूजेला न्यायचे असतात. पहिलं घर दामूभाऊचं. त्याच्या म्हाताऱ्या आईला कमी दिसतं. तिनं मखमल चाचपत एकाला कुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं, मग मलाही लावलं आणि पुरणपोळी माझ्या तोंडात कोंबली!

"दामू, गुरुजीचा हा बैल लयच वाळला रे. खाऊ घालत नाही वाट्टे."

मी तिथल्या तिथे खुलासा करणार होतो. पण खरं सांगू? दामूभाऊच्या घरची पोळी आमच्यापेक्षा गोड होती. मी मुकाट्यानं मान हलवली आणि दुसरी मिळेपर्यंत तिथून हललो नाही!