काचेवरचा एक थेंब

हिंगणघाटच्या बाजारगल्लीतल्या त्या फोटो स्टुडिओत शिरलं की बंडूजी लगेच दिसत नाहीत. आधी पडद्याआडून त्यांचा आवाज येतो. हं, हनुवटी खाली. इतकी खाली नाई जी, चपला पाहून राह्यले काय? आता डोळे मोठे. मोठे म्हंजे साप दिसल्यासारखे नाई. नवरीबाई मधात, चेहरा मधोमध, बाकीचे सरका. बत्तीस वर्षं हीच आरती, त्याच चालीत. मधलं 'हं' तर असं लांबतं की गल्लीतली पोरं खेळताना तेवढंच म्हणून दाखवतात आणि बंडूजी आतूनच त्यांना दाद देतात.

पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या या आवाजावर हसल्या त्याची गणतीच नाही. पण आठ वर्षांपूर्वी सुमित्राबाई, म्हणजे त्यांची बायको, दोन दिवसांच्या तापाने गेली आणि भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली, तेव्हा हजारो फोटोंच्या त्या दुकानात तिचा एकटीचा धड फोटो निघेना. होती ती कुणाच्या तरी लग्नात, तिसऱ्या रांगेत, अर्धी एका फेट्यामागे. तोच तुकडा मोठा करून लावला. मोठा केला तसा तो विरत गेला. हार घातलेल्या चौकटीत आज नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. बंडूजी त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतात.

मुलगी एकच, रुचिका. चेन्नईला कंप्युटरच्या नोकरीवर गेली आणि एका रविवारी समुद्रावर लाटांवर फळी चालवायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. नोकरी सोडून ती किनाऱ्यावरच्या एका गावात शिकाऊ लोकांना सर्फिंग शिकवू लागली. इकडे गल्लीत चौकशी व्हायची. पोरगी काय करते बंडूजी? समुद्रावर असते. म्हंजे नेव्हीत? नाई जी, फळीवर उभी राह्यते. उभी राहून काय करते? उभीच राह्यते. पगार देते काय उभं राह्याचा? हो बाप्पा, तुमी बसून राह्यता त्याचा कोणी देते काय? एवढं झालं की चौकशी संपायची.

जुलैच्या शेवटी रुचिकाचा फोन आला. उजवा खांदा सातव्यांदा निखळला होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, आणि हेही, की रोजच्या कामाला हात येईल, फळीवर पालथं पडून पाणी कापायला येणार नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख होती. त्याच्या आधी एक सकाळ, खांद्याला पट्ट्या बांधून, तीन लाटा. मग बंद. हे सगळं तिने बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं.

"बाबा, मी शिकवते त्या साऱ्यायचे फोटो निघते. माहा एकबी नाई. काठावरून कोणी मोबाइलवर काढते, त्यात मी मुंगीएवढी. तुमी या. पाण्यात उतरून काढा. चेहरा दिसला पायजे."

बंडूजी हो म्हणाले. फोन ठेवला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसले.

मग तयारी. त्यांच्या मनात लग्नातली लांब लेन्स होती, मंडपाच्या टोकावरून नवरीचे अश्रू पकडणारी. रुचिकाने ती पहिल्याच दिवशी बाद केली. पाण्यात माणूस हातभर अंतरावरून जातो, तिथे रुंद लेन्स लागते, दहा मिलिमीटरवाली. दिसायला सारं दूर दिसतं म्हणून जवळ जावं लागतं, इतकं जवळ की फळी कानाजवळून जाते. गोव्याच्या एका फोटोग्राफरकडून कॅमेऱ्याचा वापरलेला पाणबंद डबा आला. पुढे काचेचा घुमट, खाली पिस्तुलासारखी मूठ, मनगटाला बांधायची दोरी. डब्याच्या झाकणातल्या रबरी कड्यावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत, म्हणून बंडूजी ते कडं सोन्याच्या साखळीसारखं पुसायचे, बोटाने ग्रीस लावायचे, उजेडात फिरवून पाहायचे. पहिल्यांदा कॅमेरा न घालता आत टिशू पेपर आणि दगड ठेवून डबा ड्रमात बुडवला. तासाभराने कागद कोरडा निघाला तेव्हा त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, प्रसादासारखा.

सरावाला वडनेरची विहीर. ती धम्मदीपभाऊंच्या शेतातली. धम्मदीपभाऊ पोस्टातून निवृत्त झालेले, बंडूजींचे शाळेपासूनचे सोबती, आणि पोहण्यात दोघांचे गुरू एकच. पावसाने विहीर काठोकाठ भरलेली. भाऊ ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथे पडून रुचिका व्हायचे, पोटासकट, आणि हातांनी पाणी मारत बंडूजींच्या अंगावर यायचे. लाट पाहिजे असली की आधी काठावरून धप्पकन उडी. बंडूजी पाण्यात तरंगत सवयीने ओरडायचे, हनुवटी खाली. भाऊ म्हणायचे, बुडून मरू काय?

सेटिंग वहीत लिहून पाठ केलं. शटर सेकंदाचा सोळाशेवा भाग, म्हणजे उडालेला थेंबही हवेत गोठतो. लेन्सचं छिद्र आठवर. फोकस दीड मीटरवर पक्का करून रिंगेवर चिकटपट्टी, कारण पाण्यात कॅमेरा तिच्याऐवजी फेसावर फोकस करतो. आणि एकेक नाही, बोट दाबून धरलं की धडाधडा फोटो. बत्तीस वर्षं एक क्लिक आणि एक 'हं' करणाऱ्याला हे शेवटचं जड गेलं.

त्याहून जड एक गोष्ट होती. विहिरीतल्या फोटोंवर पाण्याचे थेंब यायचे. बंडूजी दर वेळी काठावर येऊन कोरड्या रुमालाने घुमट पुसायचे. रुचिकाने फोनवर सांगितलं, समुद्रात कोरडा रुमाल कुठला? तिथे सगळे काचेवर थुंकतात, जिभेने चाटतात, मग पाण्यात बुडवतात. थुंकीने पाणी काचेवर पसरतं, थेंब धरत नाही. पुसलं तर उलट थेंब बसतात. दर लाटेआधी करायचं.

बंडूजी नुसतंच हो हो म्हणाले. दर दसऱ्याला ते कॅमेरे पाटावर मांडतात. लेन्सच्या कडेला कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि नमस्कार करूनच मग गिऱ्हाइकाला बोलावतात. त्या काचेला त्यांनी कधी फुंकरसुद्धा तोंडाने मारली नव्हती, त्यासाठी रबराचा फुगा होता. डबा वापरलेला होता, पण आला त्या दिवशी त्यालाही त्यांनी कुंकू लावलं होतं.

धम्मदीपभाऊंना हे दिसत होतं. त्यांच्याकडे दसऱ्याला पाटपूजा नसते, ते त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीला जातात. पण त्यांनी थट्टा केली नाही. ट्यूबवर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, "बंडूजी, माय पोराचं तोंड पदराले थुंकी लावून पुसते. पोरगं बाटते काय?"

बंडूजींनी ते ऐकलं. ऐकून रुमालाने काच पुसली.

सप्टेंबरात बंडूजी रुचिकाच्या गावी गेले. सकाळी सहाला ऊन समुद्राच्या पोटातून वर येत होतं. पायांत बदकासारखे रबरी पंजे, अंगात लाइफ जॅकेट, आणि जॅकेटचा पट्टा पकडून रुचिकाच्या सर्फिंगच्या शाळेतला एक पोऱ्या नव्हे, चांगला दाढीवाला गडी, ज्याची भाषा बंडूजींना येत नव्हती. विहिरीचं पाणी जागेवर असतं. हे पाणी यायचं, उचलायचं, ठेवायचं, परत न्यायचं. रुचिका फळीवर बसून लांबून हात करत होती. डावा.

पहिल्या लाटेवर ती उभी राहिली आणि बंडूजी पाहतच राहिले. पोरगी पाण्याच्या भिंतीवरून उतरत होती, गुडघे वाकलेले, अगदी सुमित्राबाई धान्य पाखडायला बसायची तशी सहज. बोट दाबायचं राहून गेलं. दुसरी लाट लांबून गेली. दाढीवाल्याने त्यांच्या डब्याकडे बोट दाखवलं, स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. चाट. बंडूजींनी काच तोंडाजवळ नेली. ओठापर्यंत. आणि जॅकेटखालून शर्टाचं टोक ओढून, ओलंच, नीट गोल गोल पुसली.

तिसरी आली. रुचिका थेट त्यांच्याकडे वळली, हातभर अंतरावर, आणि हसली. कुणी न सांगता हनुवटी बरोबर, डोळे बरोबर. बंडूजींनी बोट दाबलं आणि दाबून धरलं. चेहरा मधोमध. बावीस फोटो. फळी कानाजवळून गेली, आणि पाठीमागून तिची किंकाळी आली. खांदा आठव्यांदा गेला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. आत टिपूसभर पाणी नव्हतं. सगळं स्पष्ट, लाटेच्या कडेचा एकेक तुषार मोजून घ्यावा असा. आणि बावीसच्या बावीस फोटोंत मधोमध, बत्तीस वर्षांच्या सवयीने जिथे चेहरा ठेवला तिथेच, पाण्याचा एक फुगीर थेंब. त्याच्यामागे रुचिकाचं तोंड दुधात विरघळल्यासारखं. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

ऑपरेशननंतर तिने फोटो मागितले. एकेक करत बावीसही पाहिले, डाव्या अंगठ्याने.

"थुंकले होते ना, बाबा?"

"थुंकलो."

"मंग काय करता. समुद्रच हाय तो." आणि तिने उलट त्यांचीच समजूत घातली. म्हणाली, पाय तरी पाहा कसे आले, असे पाय कोणाचे येत नाई.

हात गळ्यात बांधून ती हिंगणघाटला आली. दुकानात बसायची, गिऱ्हाइकाला पावती द्यायची, कोणी समुद्राचं काढलं की मोबाइलमध्ये तोंड घालायची. टीव्हीवर किनारा आला तरी चॅनेल बदलायची. बंडूजी पाहायचे. डबा त्यांनी गोड्या पाण्याने धुवायचा होता. धुतला नाही, कपाटात तसाच ठेवला.

दसऱ्याला ताट रुचिकाने केलं. पाटावर कॅमेरे मांडले, डाव्या हाताने वाकडंतिकडं कुंकू लावत गेली. शेवटी कपाटातून डबा काढून ठेवला आणि बोट कुंकवात बुडवलं.

"त्याले नको लावू," बंडूजी म्हणाले. तिने वर पाहिलं. "मी थुंकलो नोतो, रुचू. शर्टानं पुसली. तिन्ही बार."

दुकानाबाहेर सोनं घ्या, सोनं घ्या म्हणत आपट्याची पानं विकणारी बाई गेली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. रुचिकाच्या बोटावरचं कुंकू तसंच होतं.

"महिनाभर मी समुद्रावर राग धरून बसली, बाबा," ती म्हणाली. फार हळू. मग बोट पाटाच्या कडेला पुसलं, ताट उचललं आणि आत गेली. आत नळ बराच वेळ सुरू राहिला.

बंडूजी पाटासमोर बसून होते. भिंतीवर सुमित्राबाई, समोर डबा. काचेवर मधोमध त्या थेंबाचा वाळलेला पांढरा डाग होता. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, तोंडाजवळ नेला आणि जीभ लावली.

काच अजून खारट होती.